दीड वीत

आईने एका हाताच्या अंगठ्याने मुंबई दाबून धरली आणि दुसऱ्या हाताने दोरा कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापर्यंत नेला. पृथ्वीचा गोल माझ्या भाच्याचा. सुट्टीला आला होता तेव्हा घेतलेला आणि बॅगेत बसेना म्हणून पुण्यातच राहिलेला. दोरा देव्हाऱ्याजवळच्या डबीतला, हार ओवायचा. पहिल्यांदा तिने तो शाळेच्या नकाशात दिसतं तसा आडवा नेला: अरबस्तान, युरोप, अटलांटिक आणि मग अख्खी अमेरिका ओलांडून पलीकडचा किनारा. मग उलट्या बाजूने, जपानवरून पॅसिफिकमधून. दोन्ही खेपेला दोरा पुरेसा ताणला जाईना. शेवटी तिने जोर लावून ओढला, तसा तो तिच्या बोटाखालून निसटला आणि आपणहून गोलाच्या खांद्यावर जाऊन बसला. हिमालय, सैबेरिया, बर्फाचा समुद्र, अलास्का, कॅनडा आणि खाली उतरून सॅन फ्रान्सिस्को.

तिने दोऱ्यावर नखाने खूण केली, दोरा हातावर मोजला आणि म्हणाली, "दीड वीत आहे गं. एवढ्यासाठी सोळा तास?"

ही गोष्ट २०२३ च्या दिवाळीआधीची. दादा फ्रीमाँटला राहतो, सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीच्या पूर्वेला. आई शहात्तर वर्षांची, मी सोबतीला. तिकीट ८ नोव्हेंबरचं होतं, मुंबईहून नॉनस्टॉप. फराळाचे डबे न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर चढून-उतरून तयार होत होते आणि मला एका साध्या प्रश्नाने धरलं होतं: मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को अंतर नेमकं किती आणि वेळ नेमका किती? संगणकाला विचारलं की क्षणात एक आकडा मिळतो. पुढची दोन वर्षं मी त्या आकड्याचा पिच्छा पुरवला. तो आकडा खोटा नाही, पण त्या आकड्यातून प्रवास कुणीच करत नाही, असं आता माझं मत झालं आहे.

दोऱ्याचा हिशेब आधी. आमचा गोल तीस सेंटीमीटर व्यासाचा, म्हणजे परीघ चौऱ्याण्णव सेंटीमीटर. खऱ्या पृथ्वीचा परीघ साधारण ४०,००० किलोमीटर. दोरा भरला बत्तीस सेंटीमीटर. त्रैराशिक मांडलं तर साडेतेरा हजार किलोमीटरच्या आसपास येतं आणि अक्षांश-रेखांश घेऊन काटेकोर गणित केलं तरी तेवढंच. आईची दीड वीत चुकलेली नव्हती.

गोलावरच्या दोन बिंदूंमधला सर्वांत जवळचा रस्ता म्हणजे ताणलेला दोरा. त्या रेषेवरून गोल कापला तर तो बरोबर मध्यातून कापला जातो. म्हणून तिला बृहद्‍वृत्त म्हणतात. सपाट नकाशावर हीच रेषा धनुष्यासारखी वाकलेली दिसते आणि विमान उगाच वळसा घालतंय असं वाटतं. मुंबईहून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडे जाणारा दोरा ना पूर्वेला निघतो ना पश्चिमेला. तो जवळजवळ सरळ उत्तरेला निघतो, जेमतेम चौदा अंश पूर्वेकडे झुकून, आणि सैबेरियाच्याही वर, सत्त्याहत्तराव्या अक्षांशाजवळ, गोठलेल्या समुद्रावरून जातो. अमेरिका पश्चिमेला आहे असं आपण लहानपणापासून म्हणत आलो. मुंबईपुरतं बोलायचं तर ती उत्तरेला आहे.

पृथ्वीवर यापेक्षा किती लांब जाता येईल? जास्तीत जास्त २०,०००. त्यापुढे प्रत्येक पाऊल परतीचं. मुंबईच्या बरोबर पायाखाली पॅसिफिकचं पाणी आहे, गाव नाही. पण जैसलमेरकरांचं नशीब थोर: त्यांच्या पायाखाली जवळजवळ नेमकं ईस्टर बेट येतं, ते दगडी चेहऱ्यांचं. तिथे विमानतळही आहे. थेट विमान मात्र कुणी सुरू करेल असं वाटत नाही.

आमच्या सोसायटीत एक काका आहेत. विमान कंपनीच्या डिस्पॅच विभागात तीस वर्षं काढून निवृत्त झालेले. विमान सुटण्याआधी त्याचा रस्ता, उंची आणि इंधन ठरवणारा तो विभाग. मी दोरा आणि गोल घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी दोऱ्याकडे बघितलं, हसले आणि पेन्सिलीने त्यावर चार ठिकाणी टोचलं.

पहिलं टोक तिबेटवर. "इथून कोण जाणार?" पठाराची सरासरी उंची साडेचार हजार मीटरच्या वर. केबिनमधला हवेचा दाब अचानक गेला तर वैमानिकाला तीनेक हजार मीटरपर्यंत झपाट्याने उतरावं लागतं, कारण डोक्यावर लोंबणाऱ्या पिवळ्या मास्कांमधला प्राणवायू पंधरा-वीस मिनिटांचाच असतो. तिबेटवर तीन हजार मीटरला उतरायचं म्हणजे जमिनीच्या आत उतरायचं. दुसरं टोक सरहद्दींवर: कुणाचं आकाश, त्याचं भाडं किती, आज उघडं आहे का. तिसरं ध्रुवाकडच्या थंडीवर. विमानाच्या पंखात भरलेलं जेट ए-१ हे इंधन उणे ४७ अंशांना गोठू लागतं, अमेरिकेत मिळणारं जेट ए उणे ४० लाच. म्हणजे येताना पंखात जे भरलेलं असतं ते जास्त नाजूक. तापमान फार उतरलं तर वैमानिक उंची बदलतो किंवा वेग वाढवतो.

चौथं टोक त्यांनी कुठल्याच देशावर मारलं नाही. जपानच्या वर पेन्सिल हवेतच धरली आणि म्हणाले, "हा खरा मालक. वारा."

आम्हाला विमानतळावर सोडणाऱ्या टॅक्सीवाल्या दादांनी वाटेत विचारलं होतं, "ताई, पृथ्वी फिरते ना? मग विमान नुसतं वर थांबलं तर अमेरिका खाली येणार नाही का?" प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. वडगाव ते कामशेत आम्ही त्यावरच बोलत होतो. पृथ्वी फिरते तशी तिच्या अंगावरची हवाही तिच्यासोबत फिरते. चालत्या एसटीत उडालेली माशी मागच्या काचेवर आपटत नाही, तसंच. पण दहा-बारा किलोमीटर उंचीवर या हवेला स्वतःची घाई असते. उष्ण प्रदेश आणि थंड प्रदेश यांच्या तापमानातल्या फरकातून आणि पृथ्वीच्या फिरण्यातून तिथे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याच्या नद्या वाहतात. हिवाळ्यात त्यांचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्याही वर जातो. म्हणजे टॅक्सीवाल्या दादांचा तर्क अगदीच वाया गेला नव्हता. पृथ्वीचं फिरणं विमानाला मदत करतं, पण वाऱ्याच्या हातून.

या वाऱ्याची एक गोष्ट मला फार आवडते. जपानमधल्या तातेनो वेधशाळेचे प्रमुख वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून सोडून तो मोजला. जगाला कळावं म्हणून त्यांनी १९२६ साली अहवाल छापला तो जपानीत नाही, इंग्रजीतही नाही, तर एस्पेरांतो या घडवलेल्या जागतिक भाषेत. परिणाम असा की जगात तो जवळपास कुणीच वाचला नाही. १९४४ मध्ये अमेरिकेची बी-२९ बॉम्बफेकी विमानं जपानवर उंचावरून आली, तेव्हा वैमानिकांना कळेना की आपले बॉम्ब भलतीकडे का पडताहेत. उत्तर अठरा वर्षं छापून पडलं होतं.

आज त्याच वाऱ्यावर आपले लोक बे एरियात जातात. एअर इंडियाची दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को सेवा डिसेंबर २०१५ मध्ये सुरू झाली, तेव्हा विमान पश्चिमेकडून, अटलांटिकवरून जायचं. तो रस्ता साधारण १३,९०० किलोमीटरचा. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी विमान उलट्या बाजूला, पॅसिफिकवरून पाठवलं. रस्ता चौदाशे किलोमीटरनी वाढून १५,३०० झाला आणि वेळ जवळजवळ दोन तासांनी घटून साडेचौदा तासांवर आला. भागाकार करून पाहा: ताशी हजार किलोमीटरहून जास्त. विमान स्वतःच्या चालीनेच चाललं होतं, उरलेलं वाऱ्याने दिलं. लांबचा रस्ता धरा आणि लवकर पोचा, हे जमिनीवर फक्त पुण्याच्या पेठांमधले रिक्षावाले मानतात.

वाऱ्याची लहर केवढी असू शकते? फेब्रुवारी २०२० मध्ये एका वादळात न्यू यॉर्कहून लंडनला निघालेलं ब्रिटिश एअरवेजचं विमान ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. एरवी याच रस्त्याला सहा-साडेसहा तास लागतात. आणि लांबचा रस्ता मुद्दाम धरण्याचा कळस बोइंगने नोव्हेंबर २००५ मध्ये केला. हाँगकाँग ते लंडन हे अंतर पश्चिमेकडून दहा हजार किलोमीटरहून कमी. त्यांनी ७७७-२०० एलआर हे नवं विमान पूर्वेकडून नेलं: पॅसिफिक, अमेरिका, अटलांटिक असं २१,६०० किलोमीटर, पावणेतेवीस तास, मध्ये कुठेही न उतरता. आता हाँगकाँग-लंडन अंतर किती, हे सांगा.

काकांचं म्हणणं असं की विमानाचा रस्ता रोज नव्याने लिहिला जातो. कालचा आज चालत नाही. वाऱ्याचा अंदाज, विमानाचं वजन, वाटेत उतरायला कुठले विमानतळ उपलब्ध आहेत, सगळं घालून यंत्र एक रेषा काढतं. मग इंधन. इतक्या लांबच्या उड्डाणात धावपट्टी सोडताना विमानाच्या एकूण वजनातला एक तृतीयांशाहून मोठा भाग इंधनाचा असतो आणि त्यातला बराचसा हे इंधन वाहून नेण्यातच जळतो. "डोंगर चढताना पाणी जास्त घ्यावं तर ओझं होतं, कमी घ्यावं तर घसा सुकतो," काका म्हणाले. "आमचं आयुष्य त्या एका बाटलीत गेलं."

मग तिकिटावरचा वेळ कुठून येतो? तो हवेतला वेळ नसतो. दरवाजा बंद होऊन विमान मागे ढकललं जातं तिथून पलीकडच्या दारात चाकं थांबेपर्यंतचा तो काळ. धंद्यात त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरात असते. रांगेत उभं राहण्याची ती वीस-पंचवीस मिनिटंही तिकिटात धरलेली असतात. शिवाय उशीर झाला असं दिसू नये म्हणून कंपन्या थोडी मिनिटं वरून टाकतात. लवकर पोचल्याचा आनंद आपल्याला बऱ्याचदा त्या वरच्या मिनिटांतून मिळतो.

तिकिटाबाहेरचा वेळ कुणीच मोजत नाही. कोथरूडहून आम्ही पहाटे साडेपाचला निघालो. विमान दुपारी अडीचचं. लोणावळ्याचा घाट, वाशीचा पूल, सहार, मग व्हीलचेअरसाठी रांग. त्या रांगेत मुलांकडे निघालेले आईबाप एकमेकांना "तुमचं कुठं?" असं विचारत होते आणि उत्तरं सनीवेल, डॅलस, एडिसन अशी येत होती, जणू हडपसर आणि निगडी. विमानाचं चाक हललं तोवर आमचे नऊ तास संपले होते आणि आम्ही दीडशे किलोमीटर आलो होतो. उरलेल्या हजारो किलोमीटरला सोळा.

पूर्वी आपल्याकडे अंतर सांगायचं तर वेळच सांगायचे. दोन दिवसांची वाट, चार मुक्काम, हाकेच्या अंतरावर. किलोमीटर आले आणि ही सवय गेली. पण जगातल्या सगळ्या मोठ्या प्रवासांची आठवण लोक अजून दिवसांतच ठेवतात. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ ला कोलकात्याहून बोटीत बसल्या आणि ४ जूनला न्यू यॉर्कला उतरल्या. अठ्ठावन्न दिवस. तिथून त्या रोझेल या गावी राहायला गेल्या, जे आजच्या नेवार्क विमानतळापासून अगदी जवळ आहे. आज मुंबईहून नेवार्कला उतरणाऱ्या मराठी माणसाला हे बहुधा ठाऊक नसतं. पुढे ८ जून १९४८ च्या रात्री एअर इंडियाचं 'मलबार प्रिन्सेस' हे पंख्याचं विमान मुंबईहून पस्तीस प्रवासी घेऊन निघालं आणि कैरो, जिनिव्हा करत १० जूनच्या सकाळी लंडनला पोचलं. जे. आर. डी. टाटा स्वतः त्यात होते. मुंबई-न्यू यॉर्क न थांबता व्हायला १ ऑगस्ट २००७ उजाडला आणि मुंबई-सॅन फ्रान्सिस्कोला डिसेंबर २०२२. मधल्या काळात दक्षिणेने बाजी मारली होती: जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अगरवाल, पापागारी तन्मयी, आकांक्षा सोनावरे आणि शिवानी मन्हास या चौघींनी सॅन फ्रान्सिस्कोहून उत्तर ध्रुवावरून बंगळुरूला पहिलं नॉनस्टॉप विमान आणलं. सुमारे सतरा तास.

आता हेही जगातलं सर्वांत लांब उड्डाण नाही. तो मान सिंगापूर-न्यू यॉर्कचा, १५,३०० किलोमीटरहून जास्त, अठरा-एकोणीस तास. ऑस्ट्रेलियाची क्वांटास सिडनी-लंडन न थांबता करायच्या मागे आहे. ते १७,००० किलोमीटर आणि वीस तासांच्या घरात जाईल. मला त्याचं फारसं कौतुक नाही. सोळाव्या तासानंतर माणसाच्या पायांना आणि शेजारच्याला काय वाटतं, ते मी पाहिलं आहे.

वाऱ्यापेक्षा लहरी एकच गोष्ट: सरकारं. २७ फेब्रुवारी २०१९ ला पाकिस्तानने आकाश बंद केलं ते जुलैच्या मध्यापर्यंत. २०२२ मध्ये युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर रशियाचं आकाश अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना बंद झालं, भारतीयांना उघडं राहिलं. त्याचा फायदा केवढा आणि जोखीम केवढी, हे ६ जून २०२३ ला कळलं. दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं एअर इंडियाचं विमान इंजिनाच्या बिघाडामुळे रशियाच्या अतिपूर्वेला मगादानमध्ये उतरलं. २१६ प्रवासी आणि १६ कर्मचारी, अशा गावात ज्याचं नाव त्यांच्यातल्या बहुतेकांनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं असेल. दुसरं विमान जाऊन त्यांना पुढे नेईपर्यंत सोळा तासांचा प्रवास दोन दिवसांचा झाला. २४ एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानने भारतीय विमानांना पुन्हा दार लावलं, तेव्हा दिल्लीहून अमेरिकेला जाणारी विमानं व्हिएन्ना नाहीतर कोपनहेगनला इंधनासाठी थांबू लागली. आणि मुंबई-सॅन फ्रान्सिस्को? ते त्या वर्षी कोलकात्याला थांबून जाऊ लागलं. आनंदीबाईंची वाट पुन्हा सापडली म्हणायची.

इथे एका शब्दाचं भांडण मिटवून टाकते. 'थेट विमान' म्हणजे न थांबणारं विमान नव्हे. एकाच क्रमांकाचं विमान वाटेत उतरून, इंधन भरून पुढे गेलं तरी ते थेटच. न थांबणारं हवं असेल तर नॉनस्टॉप असं लिहिलेलं शोधावं लागतं. आपल्या एसटीच्या भाषेत 'विनाथांबा'. हा शब्द विमानवाल्यांनी उचलावा, इतका तो नेमका आहे.

आमचं विनाथांबाच होतं. खिडकी आईची. समोरच्या पडद्यावर विमानाचं बाहुलं नागपूरकडे सरकलं तेव्हा तिने पर्समधून दोरा काढला. "हे उत्तरेला कुठं चाललंय?" तिने विचारलं. नव्हतंच चाललं. आम्ही सरळ पूर्वेला होतो: बंगालचा उपसागर, म्यानमार, चीनचा दक्षिण भाग, जपान, आणि मग ओइशींचा वारा. वेगाचा आकडा ताशी हजाराच्या वर गेला तसा मी आईला दाखवला. "ढकलतोय होय," ती म्हणाली आणि दोरा परत गुंडाळून ठेवला.

मुंबई सोडून दोनेक तास झाले असतील. खिडकीबाहेर सूर्य मावळला. आम्ही त्याच्याकडे पाठ करून पळत होतो, म्हणून तो एरवीपेक्षा घाईने गेला. आईने हात जोडून ओठांतल्या ओठांत 'शुभं करोति' म्हटलं. पुढे बसलेल्या मुलीने खिडकीचा पडदा खाली ओढला. रात्र सात-आठ तासांत संपली. नोव्हेंबरातली तेरा तासांची रात्र, पण आम्ही पहाटेला सामोरे जात होतो. उजाडलं तेव्हा खाली फक्त पाणी होतं. तारीख ९ व्हायला हवी होती, वसुबारस. आईने तसं म्हणूनही टाकलं. मग कधीतरी, काही न जाणवता, आम्ही आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली आणि पुन्हा ८ तारखेत आलो.

मी तिला समजावायला गेले: भारत लंडनच्या साडेपाच तास पुढे, कॅलिफोर्निया आठ तास मागे, मिळून साडेतेरा. ती म्हणाली, "माझ्या लहानपणी मुंबईचं घड्याळच वेगळं होतं." खरं होतं. भारतीय प्रमाणवेळ १९०६ पासून लागू झाली, तरी मुंबईने आपली एकोणचाळीस मिनिटं मागची वेळ १९५५ पर्यंत सोडली नव्हती. आईचे वडील गिरगावात राहायचे. तेव्हा कुणाकडे जेवायला बोलावणं आलं की 'कुठल्या वेळेने?' असं विचारायचे म्हणे. तिला तारखेचं हे मागेपुढे होणं माझ्याइतकं चमत्कारिक वाटलंच नाही.

सॅन फ्रान्सिस्कोला चाकं टेकली तेव्हा संध्याकाळचे पाच वाजत आले होते. धावपट्टी खाडीच्या कडेलाच आहे, पाण्यावरच उतरतोय असं शेवटपर्यंत वाटत राहतं. पलीकडच्या टेकड्यांवर तांबूस ऊन होतं. विमान दाराकडे वळेपर्यंत तेही विझलं. आई खिडकीला नाक लावून बघत होती.

इमिग्रेशन, बॅगा, आणि मेतकुटाची पिशवी उघडून वास घेणारा अधिकारी या सगळ्यातून बाहेर पडायला पावणेदोन तास गेले. दादा दारात उभा होता. खाडीवरचा अकरा किलोमीटरचा पूल ओलांडताना त्याने आरशातून बघत विचारलं, "आई, आज किती तारीख आहे, सांग बघू."

"आठच," आई म्हणाली. "पण दिवेलागण दोनदा झाली. दुसऱ्या वेळचं म्हणायचं राहिलंय, जरा गाणं बंद कर."